कोणतं शिरूर?

पुण्यात कुणी "गाव कुठलं?" असं विचारलं की मी आधी समोरच्याकडे किती वेळ आहे ते बघतो. कारण नुसतं "शिरूर" म्हटलं की माणूस खूश होऊन म्हणतो, "अरे वा, म्हणजे नगर रोडला, रांजणगावच्या पुढं! जवळच की!" जवळ कसलं डोंबलाचं. ते घोडनदीचं शिरूर. आमचं शिरूर अनंतपाळ, लातूर जिल्ह्यातलं, तालुक्याचं गाव. लातूर म्हटल्यावर एखादा जाणकार निघतोच, "म्हणजे ताजबंदचं का?" नाही हो. शिरूर ताजबंद अहमदपूर तालुक्यात. बीड जिल्ह्यात आणखी एक, शिरूर कासार. आणि जुलै २०२४ मध्ये कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या शिरूरला महामार्गावर दरड कोसळली, तेव्हा टीममधल्या दोघांनी मला काळजीनं फोन केले होते, "घरी सगळे ठीक ना?" आता बोला.

डेटाबेसवर काम करणाऱ्या माणसाला हे दुखणं लगेच कळेल. नाव ही प्रायमरी की होऊ शकत नाही. आज ना उद्या डुप्लिकेट निघतंच. आईसाठी मागवलेला प्रेशर कुकर एकदा असाच घोडनदीला चार दिवस मुक्काम करून आमच्याकडे आला. कुरियरवाल्यांचं नाव सांगत नाही, पण पार्सलवर तालुका, जिल्हा सगळं ठळक लिहिलेलं होतं. यंत्रात कुणीतरी यादीतलं पहिलं शिरूर निवडलं असणार.

या रोगावर आपल्याकडे एका मराठी माणसानं फार पूर्वी औषध काढलं होतं. श्रीराम भिकाजी वेलणकर. टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी, आणि त्याच वेळी संस्कृत कवी आणि नाटककार. (आपल्याला एक जावा नीट येत नाही, आणि लोक काय काय करतात.) सारख्या नावांची गावं, वेगवेगळ्या भाषा, वाचता न येणारी अक्षरं, यातून पत्र योग्य जागी जावं म्हणून त्यांनी सहा आकडी पिनकोड तयार केला आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून तो लागू झाला. पुण्याचं शिरूर आणि आमचं शिरूर, दोन्हींचे पहिले दोन आकडे ४१च, फरक पडतो तिसऱ्या आकड्यापासून. पण पिनकोड हा शेवटी टपाल खात्यानं दिलेला नंबर. वाटप पोस्टाच्या सोयीनं. पृथ्वीनं दिलेला नंबर वेगळा असतो, आणि तो कुणाच्या ऑफिसात जाऊन मागावा लागत नाही, घराच्या अंगणात उभं राहून काढता येतो. आजचं पुराण त्याबद्दल आहे.

झालं असं, की मागच्या दिवाळीला मी पुतणीसाठी अप्पा बळवंत चौकातून पृथ्वीचा गोल घेतला. ती तिसरीत आहे. लक्झरीच्या स्लीपरमध्ये रात्रभर तो खोका पोटाशी धरून झोपलो. सकाळी घरी पोचलो, चहा व्हायच्या आत खोका फुटला. पाच मिनिटं गरागरा फिरवून झाल्यावर पहिला प्रश्न:

"काका, आपलं गाव कुटंय ह्याच्यात?"

मी भारत दाखवला. मुंबई छापलेली होती, हैदराबाद होतं. लातूर नव्हतं, मग शिरूर अनंतपाळ कुठून असणार? मी पेनानं ठिपका द्यायला गेलो तर तिनं हात धरला. "छापलेलं नाही ना? मग कशाला काढतो? ही पृथ्वी वेगळी आहे. ही आकाशातली. आपण राहतो ती सपाट."

दादा हसला, वहिनी हसली, मीही हसलो. पण ती ठाम होती, आणि तिचा तर्क बघितला तर त्यात खोट नाही. शाळेत सांगतात पृथ्वी गोल आहे. बाहेर बघावं तर सपाट. दोन्ही खरं मानायचं तर पृथ्व्या दोन पाहिजेत! मी नंतर शोधलं तेव्हा कळलं की ही फक्त आमच्या घरची फिलॉसॉफी नाही. स्टेला व्होस्नियाडू आणि विल्यम ब्रूअर यांनी १९९२ साली अमेरिकेतल्या शाळकरी मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात अशी 'दोन पृथ्व्या' मानणारी मुलं भेटली होती. काही मुलांच्या मते पृथ्वी पोकळ गोळा होती आणि माणसं आत, सपाट तळावर राहत होती. पुढं १९९६ मध्ये याच मंडळींनी आला समरपुंगवन यांच्याबरोबर हैदराबादच्या मुलांबद्दल लिहिलं. तिथं बऱ्याच मुलांची पृथ्वी पाण्यावर टेकलेली होती. म्हणजे "पृथ्वी गोल आहे" हे वाक्य मुलं पाठ करतात, आणि मग ते आपल्या ओळखीच्या जगात कुठंतरी बसवून टाकतात. वाक्य बरोबर येतं, मार्क मिळतात. आतलं चित्र कुणी तपासत नाही.

ठिपका न छापण्याचं कारण तसं साधं आहे. आमचा गोल ३० सेंटिमीटर व्यासाचा. खरी पृथ्वी सुमारे १२,७४२ किलोमीटर. म्हणजे गोलावरचा एक मिलिमीटर जमिनीवर जवळजवळ ४२ किलोमीटर. पुणे ते लातूरचं सरळ अंतर सात मिलिमीटर. माझी रात्रभराची स्लीपर, मधला चहा, शेजाऱ्याचं घोरणं, सगळं सात मिलिमीटरमध्ये. आमचं गाव फार तर एक-दोन किलोमीटरचं, म्हणजे पेनाच्या टोकापेक्षा कितीतरी लहान. एव्हरेस्टसुद्धा या गोलावर मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढाच भरेल. हे आपल्याला समजतं. पण आठ वर्षांच्या मुलीला 'स्केल' समजावणं म्हणजे मॅनेजरला एस्टिमेट समजावण्यासारखं, मान डोलावतात आणि मग मूळ प्रश्न परत विचारतात. तिचा मूळ प्रश्न होता: मी यात आहे का?

तुम्ही म्हणाल, फोन दे की हातात. दिला. फोनमधल्या नकाशात निळा ठिपका आला, शिरूर अनंतपाळ लिहिलेलं आलं, आमची गल्ली आली. तिला काही विशेष वाटलं नाही. नंतर माझ्या लक्षात आलं की या नकाशात आपण कायम मधोमध असतो. आपण फिरलो की जग फिरतं. मुलं आधीच स्वतःला जगाच्या मध्यावर समजतात, फोन त्यावर शिक्का मारतो. गोलाला निळा ठिपका नसतो, आणि त्यामुळेच तिथं आपली जागा शोधायला लागते.

मग मी गोल बाजूला ठेवला आणि दिवाळीची रांगोळी घेतली. अंगणात आधी घर काढलं. मग हौद, लिंबाचं झाड, गल्ली, शाळा, बसस्टँड. आई आतून ओरडली, "काय करूलालास रे, सगळी रांगोळी संपवतूस का?" तिला म्हटलं, भूगोल चाललाय. पण जमिनीवर नकाशा काढण्याचा एक मोठा फायदा असतो. त्यात 'वर' आणि 'खाली' नसतं. उगवतीला जे आहे ते नकाशातही उगवतीलाच येतं. आमच्याकडं दिशा जन्मजात येतात. आजही शेत सांगताना "उगवतीच्या बांधाला", "मावळतीच्या विहिरीजवळ" असंच सांगतात. हिंजवडीत मी तीन वर्षं राहतो, पण माझ्या सोसायटीची पूर्व कुठं हे मला कंपास बघून सांगावं लागेल. पोरीला मात्र कळत होतं. तिनं शाळा अचूक मावळतीला काढली.

हाच नकाशा भिंतीवर टांगला की उत्तर 'वर' जाते आणि गोंधळ सुरू होतो. पाणी वरून खाली वाहतं, म्हणून नकाशातल्या सगळ्या नद्या खाली वाहत असणार असं मुलांना वाटतं. मोठ्यांनाही वाटतं, खोटं कशाला बोला. आणि आमची मांजरा नेमकी उलट वागते. बीड जिल्ह्यात बालाघाटात उगवते, पूर्वेकडं येते, तेलंगणात गेल्यावर वळते आणि चक्क उत्तरेकडं, म्हणजे भिंतीवरच्या नकाशात 'वर' चढत जाऊन गोदावरीला मिळते. आमच्या घरणी नदीचं पाणी मांजरेत जातं, तिथून गोदावरीत आणि तिथून बंगालच्या उपसागरात. पुतणीनं समुद्र एकदाच बघितलाय, मुंबईचा. आपल्या अंगणातलं पावसाचं पाणी त्या समुद्राला जात नाही, हे तिला बराच वेळ पटलं नव्हतं.

तोपर्यंत गल्लीतली पाच-सहा पोरं जमली होती. त्यातला एक मुलगा असेल दहा-अकरा वर्षांचा. त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात, दिवाळी झाली की टोळी निघते. तो कधी त्यांच्याबरोबर असतो, कधी मागं आजीजवळ. शाळेच्या हजेरीत त्याच्या नावापुढं गैरहजेरीच जास्त. मी सहज विचारलं, तू कुठपर्यंत गेलायस? त्यानं माझ्या हातातली रांगोळी घेतली आणि अंगणाच्या बाहेर, पार रस्त्यापर्यंत रेघ ओढत नेली. लातूर. मग बार्शी. मग पंढरपूर, तिथं नदी आडवी काढली, "हितं पुलावर ट्रॅक्टर हळू चालतंय." मग सांगलीकडचा कारखाना. कुठं चहाला थांबतात, कुठं पंक्चरचं दुकान आहे, कुठं पोलीस अडवतात, सगळं. मधे एक मोठा तुकडा त्यानं मोकळा सोडला. हे काय? तर म्हणाला, "हितं मी झोपलो होतो."

मी नकाशाच्या डेटावर काम केलेलं आहे. ज्या भागाची माहिती नाही तो भाग प्रामाणिकपणे कोरा ठेवणारे लोक मला आमच्या धंद्यातसुद्धा फार भेटले नाहीत. आमची पुतणी आणि इतर पोरं एका जागी बसून भूगोल शिकतात, आणि जो अर्धा महाराष्ट्र ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून बघून आला त्याला कुणी काही विचारत नाही. मराठवाड्यात अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहं चालतात, मुलं गावात राहावीत, शाळा बुडू नये म्हणून. ती हवीतच, दुमत नाही. पण तो परत आल्यावर त्याला फळ्यापाशी उभं करून एक तास तरी वर्गाला भूगोल शिकवायला द्यावा, असं मला फार वाटतं.

भटक्या माणसाच्या तोंडून जगाचा भूगोल ऐकण्याची कल्पना मराठीत नवीन नाही. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे (राज्यकाळ १७९८ ते १८३२) यांचं 'देवेंद्र कोरवंजी' नावाचं मराठी नाटक आहे. दक्षिणेत कोरवंजी म्हणजे हात बघून भविष्य सांगत गावोगाव हिंडणारी बाई. या नाटकात ती जगाचा भूगोल सांगते! राजेसाहेबांचं शिक्षण श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली झालेलं. नवं शास्त्र त्यांना माहीत होतं, आणि लोकांना ते गाण्यानाचण्यातून सांगावं असं त्यांना सुचलं. तेही मराठीत, तंजावरात, दोनशे वर्षांपूर्वी. आम्हाला शाळेत याबद्दल एक ओळ नव्हती. असो.

रांगोळीचा नकाशा गावापुरता ठीक. पण गोलाचं काय? "ही वेगळी पृथ्वी" हा मुद्दा अजून तसाच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टँडचा स्क्रू काढून गोल मोकळा केला. आईची चुंबळ घेतली, तीच ती, डोक्यावर घागर ठेवताना खाली घेतात ती कापडाची. अंगणात उन्हात चुंबळ ठेवली आणि तिच्यावर गोल. मग तो असा फिरवला की महाराष्ट्र एकदम माथ्यावर आला आणि उत्तर ध्रुव खऱ्या उत्तरेकडं. लातूरच्या जागी मेणाच्या गोळीवर काडेपेटीची अर्धी काडी उभी केली. शेजारी अंगणात एक काठी उभी केली.

काडीची सावली आणि काठीची सावली एकाच दिशेला पडली. पोरं गुडघ्यावर बसून बघत होती. मी काही बोललो नाही. काडी तीच, ऊन तेच, फक्त लहान. यात युक्ती एवढीच की अशा ठेवलेल्या गोलाचा आस खऱ्या पृथ्वीच्या आसाला समांतर होतो, आणि सूर्य इतका लांब आहे की त्याचे किरण दोघींवर एकाच दिशेनं येतात. त्यामुळे खऱ्या पृथ्वीचा जेवढा भाग उजेडात, तेवढाच या गोलाचा. सकाळचे दहा वाजले होते. जपान उन्हात होतं, लंडन अजून अंधारात, अमेरिका तर गोलाच्या पार खाली काळोखात. "म्हणून काकाला सकाळी ऑफिसचे फोन येत नाहीत आणि रात्री येतात," हा शोध पुतणीनंच लावला. ऑनसाइट-ऑफशोअर मॉडेल इतक्या थोडक्यात मला कुणी समजावलं नव्हतं.

स्टँडवरचा गोल चुकीचा नसतो, पण त्यावर कायम ध्रुव वर आणि आपण कुठंतरी कुशीला. चुंबळीवरच्या गोलावर आपण माथ्यावर. पाय जिथं टेकलेत तिथून 'खाली' म्हणजे गोलाच्या मध्याकडं, हे तिथं दिसतं. "अमेरिकेतली माणसं पडत नाहीत का?" हा प्रश्न एका पोरानं विचारला आणि दुसऱ्यानंच त्याला उत्तर दिलं, "त्यांच्या चुंबळीवर ती वर असतेत."

होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या शमीन पडळकर आणि जयश्री रामदास यांचा २०११ साली प्रसिद्ध झालेला एक लेख आहे, खगोल शिकवताना हातवाऱ्यांचा उपयोग कसा होतो यावर. वाचून वाटलं, आपण उगाच प्रोजेक्टर आणि ॲनिमेशनच्या मागं लागतो. मुलाजवळ सगळ्यात भारी उपकरण त्याचा हात. त्या रात्री आम्ही तेच केलं. हात पूर्ण लांब करून मूठ आडवी धरली की ती साधारण दहा अंश झाकते. मोठ्या माणसाची मूठ मोठी पण हातही लांब, लहान मुलाची मूठ लहान आणि हातही आखूड, त्यामुळे हिशोब जवळपास तोच राहतो. खात्री करायची असेल तर क्षितिजापासून डोक्यावरपर्यंत मुठीवर मूठ ठेवत जा, नऊ भरतात.

गच्चीवर गेलो. उत्तरेला एम अक्षरासारखी शर्मिष्ठा होती, तिच्यावरून ध्रुव शोधला. फार तेजस्वी नसतो तो. सगळ्यांची आधी निराशाच झाली. पण मग मुठी मोजल्या. क्षितिजापासून ध्रुव दोन मुठींना थोडा कमी. म्हणजे अठरा-वीस अंश. आणि आमच्या गावाचा अक्षांश अठरा आणि एकोणीसच्या मध्ये आहे! ध्रुव क्षितिजाच्या जितका वर, तितका तुमचा उत्तर अक्षांश. कन्याकुमारीला तो एक मूठसुद्धा वर नसतो. दिल्लीला तीन मुठींना थोडा कमी, श्रीनगरला साडेतीनच्या आसपास, लंडनला पाच. काळोखात पुतणीचा आवाज आला, "म्हणजे आपला नंबर अठरा?" अर्धा नंबर, मी म्हटलं. दुसरा अर्धा अवघड आहे.

हे सगळं खालून आजोबा ऐकत होते. त्यांनी नव्वदी गाठली आहे. जेवताना पोरीला म्हणाले, "आमच्या लहानपणी आम्ही बीदर जिल्ह्याचे होतो." तिला वाटलं ते पूर्वी दुसरीकडं राहायचे. नाही, याच घरात. आजोबा निजामाच्या हैदराबाद संस्थानात जन्मले, बीदर जिल्ह्यात. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बीदर जिल्ह्यातले निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात आले आणि उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. १९६० ला महाराष्ट्र झाला. १९८२ ला लातूर जिल्हा वेगळा झाला. पुढं शिरूर अनंतपाळ स्वतःच तालुका झालं. माणूस ओट्यावरून उठला नाही आणि पत्ता इतक्या वेळा बदलला. ज्या उस्मानाबादेत आम्ही मधे होतो ते नावसुद्धा आता राहिलं नाही, २०२३ मध्ये धाराशिव झालं. ध्रुव मात्र आजोबांच्या जन्माच्या वेळीही दोन मुठींना थोडा कमीच होता.

याच्या उलट गोष्ट आमच्यापासून फार लांब नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. नंतर कित्येक गावं मूळ जागा सोडून नव्यानं वसवली गेली. तिथं 'जुनं गाव' आणि 'नवं गाव' असं बोलतात. नाव तेच, माणसं (जी उरली ती) तीच, जागा मात्र दुसरी. माझा जन्म त्यानंतरचा, पण आमच्या भागात अजूनही कुणी आपलं गाव सांगताना 'जुनं' म्हणालं की ऐकणारा क्षणभर गप्प होतो. पुतणीला एवढंच सांगितलं की गावाचं नाव उचलून नेता येतं, जागेचा नंबर नेता येत नाही. बाकीचं ती मोठी झाल्यावर.

बीदरवरून आठवलं. विल्यम लॅम्बटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८०२ पासून दक्षिणेतून उत्तरेकडं भारत मोजायला घेतला. साखळीनं जमिनीवर एक रेघ अतिशय काळजीपूर्वक मोजायची, आणि मग तिच्या दोन टोकांपासून लांबच्या टेकडीचा कोन घेऊन अंतर काढायचं. त्रिकोणाला त्रिकोण जोडत जायचं. अशी एक पायारेषा त्यानं १८१५ साली बीदरच्या भागात मोजली. ही त्रिकोणांची माळ साधारण ७८ अंश रेखांशाला धरून वर गेली, म्हणजे आमच्या गावाच्या पूर्वेला सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. लॅम्बटन १८२३ मध्ये काम करता करताच हिंगणघाटला वारला, त्याचं थडगं तिथंच आहे. माझ्या विदर्भातल्या एकाही मित्राला हे माहीत नव्हतं. पुढच्या वेळी जाऊन बघायचंय.

तर राहिला दुसरा अर्धा नंबर, रेखांश. तो हातानं मोजता येत नाही, त्याला घड्याळ लागतं. आणि दोन ठिकाणी दोन माणसं लागतात. दिवाळी संपली, मी पुण्याला परतलो, तेव्हा ते आपोआप झालंच.

जानेवारीच्या मधल्या एका रविवारी आम्ही ठरवून केलं. तिनं अंगणात, मी सोसायटीच्या गच्चीवर. सरळ काठी रोवायची, तिच्याभोवती एक वर्तुळ काढायचं. सकाळी सावली लांब असते, आखूड होत होत तिचं टोक वर्तुळाला शिवतं, ती वेळ लिहायची. दुपारनंतर सावली पुन्हा वाढत वर्तुळाबाहेर जाते, ती वेळ लिहायची. दोन्हींच्या बरोबर मधली वेळ म्हणजे त्या जागेची खरी मध्यान्ह. नुसती सर्वात आखूड सावली बघत बसलं तर नक्की क्षण सापडत नाही, बराच वेळ ती बदलल्यासारखी दिसतच नाही. ही वर्तुळाची रीत आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत आहे, काठीला तिथं शंकू म्हणतात.

तिची सावली सकाळी १०.४५ ला आत आली, दुपारी २.१७ ला बाहेर गेली. मध्य १२.३१. माझी १०.५८ ला आत, २.३० ला बाहेर. मध्य १२.४४. (मधे वॉचमन दोनदा येऊन गेला. टेरेसवर काठी घेऊन माणूस बसलाय अशी कुणीतरी तक्रार केली होती.)

बारा वाजता मध्यान्ह का नाही, हे तिनं विचारलंच. सगळ्या देशाचं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं आहे, आपण त्याच्या बरेच पश्चिमेला. शिवाय सूर्यही वर्षभर घड्याळाबरोबर चालत नाही, थोडा मागंपुढं होतो. पण दोघांनी एकाच दिवशी मोजलं तर वजाबाकीत ते निघून जातं. उरली १३ मिनिटं. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. म्हणजे सव्वातीन अंश. आपल्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०५ किलोमीटरचा. फोनवर गुणाकार तिनं केला, मी फक्त "हातचा विसरू नको" म्हणत होतो. ३४१ किलोमीटर आलं. रस्त्यानं साडेतीनशेच्या वरच पडतं, पण रस्ता वळणावळणाचा. एक काठी, एक घड्याळ आणि तिसरीतली मुलगी, एवढ्यावर मला हा निकाल जबरदस्त वाटला.

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे आपल्याकडं दुपार होती, ती तुझ्याकडं चालत यायला तेरा मिनिटं लागतात." मी हो म्हटलं. "आणि तुला यायला एक रात्र." तेही बरोबर.

आता गोलावर ठिपका द्यायची परवानगी मिळाली आहे. तिनं तो स्वतःच दिला, सुईच्या टोकानं. वहीत एक नवीन पान केलंय, नातेवाइकांचं. त्यात किलोमीटर नाहीत, मिनिटं आहेत. काका: १३, आपल्यानंतर. हैदराबादचा मामा आपल्या पूर्वेला, म्हणून त्याची दुपार आपल्या आधी. किती आधी, ते तिला या रविवारी हवंय. मामा मोठ्या कंपनीत मॅनेजर आहे. काल रात्री त्याचा मला फोन आला.

"पाव्हणं, ही पोरगी मला रविवारी भर उन्हात गच्चीवर काठी घेऊन बसवूलालीय. काय भानगड आहे?"

"बसा," म्हटलं. "काठी किती उंच पाहिजे ते तिलाच विचारा. आणि वॉचमनला आधी सांगून ठेवा."